पूर्वेकडे तोंड करून बसलेली आठ पॅनेलं

२ तारीख, रविवार

सूंऽऽ. गॅसबत्तीचा तो आवाज आज पहाटेपासून कानात आहे. मी नऊ वर्षांचा होतो. शाळेच्या संमेलनात मला सूर्यावरची कविता म्हणायची होती आणि मंचाच्या दोन्ही टोकांना दोन गॅसबत्त्या सूं करत जळत होत्या. तिसऱ्या कडव्याला मी अडकलो. नेमक्या त्याच क्षणी हवा संपून बत्त्या मंदावल्या, अंधार झाला, आणि कविता संपली असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून प्रकाशाचं आणि माझं काही तरी नातं आहे अशी माझी समजूत आहे. बायकोचं म्हणणं, ते नातं अंधाराशी आहे.

आज मुलगी आणि जावईबापू आले होते. विषय तोच. हे घर विकायचं आणि आम्ही दोघांनी त्यांच्याकडे नवव्या मजल्यावर राहायला जायचं. "बाबा, घर जुनं, वायरिंग जुनं, माणसं जुनी," मुलगी म्हणाली. "एक दिवस सगळं एकदमच बंद पडेल." जावईबापू खुर्चीच्या कडेवर, बस सुटेल की काय अशा बेताने बसले होते आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत होते.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण छत्तीस वर्षं वर्गात शेवटचं वाक्य माझं असायचं. "वायरिंगचं मला सांगू नकोस," मी म्हणालो. "हे घर मी सूर्यावर चालवून दाखवतो." कालच भंगारवाल्याकडे जुन्या सोलर पॅनेलांची थप्पी पाहिली होती, ती डोक्यात होती.

मुलगी बँकेत आहे. तिला तोंडी बोलणं पुरत नाही. तिने तिथल्या तिथे अटी ठरवल्या. एक आठवडा तयारीला. नऊ तारखेला ती येऊन मेन फ्यूज काढून घेऊन जाणार. तिथपासून तीसपर्यंत घर सूर्यावर चाललं, तर विकण्याचा विषय ती पुन्हा काढणार नाही. नाही चाललं, तर एकतीसला कपाटं रिकामी करायला लागायचं.

बायको उठून मागच्या अंगणात गेली आणि वेलाला पाणी घालत राहिली. तिचं बरं आहे. तिला कुठेही राहायला चालतं.

४ तारीख, मंगळवार

आठ पॅनेलं आणली. कुठल्याशा कार्यालयाच्या छतावरून उतरवलेली आहेत. "काका, माल एक नंबर," भंगारवाला म्हणाला. "बारा वर्षं ऑफिसात होती. शनिवार-रविवार सुट्टी. झिजणार कुठून?" हा मुद्दा मला पटला.

घरी आणून ओळीने भिंतीला टेकवली आणि हजेरी घेतली. पाठीवर खडूने एक ते आठ क्रमांक घातले. एक नंबर तुकतुकीत, पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखं. चारच्या चौकटीला पोचे आहेत, दंगेखोर असावं. सातच्या काचेखाली मात्र तपकिरी रेषा पसरल्या आहेत, गोगलगाय रात्रभर चालून गेल्यासारख्या. सातकडे पाहून मला भरून आलं. प्रत्येक वर्गात असं एक असतं. चेतनगुणोक्ती हा माझा सर्वांत आवडता अलंकार.

"ह्याला काय झालंय?" बायकोने विचारलं.

"परिस्थितीने गांजलंय."

"कोणाच्या?" म्हणून ती आत गेली.

६ तारीख, गुरुवार

वायरमन आला. माझाच विद्यार्थी. सातवीला दोनदा बसला होता, तिसऱ्यांदा मी कृपागुण देऊन पुढे ढकलला. आता गावभर त्याला मान आहे. कुठल्याशा बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून त्याने एक इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्याही आणून दिल्या.

गच्चीवर दोन मतभेद झाले.

पहिला सातवरून. "सर, हे एक काढून टाका," तो म्हणाला. "आठही एका रांगेत जोडायचीत ना, म्हणजे हात धरून चालणारी मुलं. सगळ्यात हळू चालणारा जेवढा चालेल, तेवढीच रांग चालणार."

"मग रांगेने हळू चालावं."

"सर, करंटला असं सांगता येत नाही."

"तुला मी कधी वर्गाबाहेर काढलं होतं का?"

"नाही काढलंत," तो म्हणाला, "म्हणून तर सातवीचं विज्ञान मला दहा वर्षांनी दुकानात कळलं."

दुसरा मतभेद दिशेचा. त्याला पॅनेलं दुपारच्या उन्हाच्या बाजूला कलती हवी होती. मी ती पूर्वेकडे तोंड करून बसवायला लावली. "सूर्योदयावर किती कविता आहेत ते मोज," मी म्हणालो. "आणि दुपारच्या बारा वाजताच्या उन्हावरची एक तरी म्हणून दाखव."

"मला एकही येत नाही, सर. पण मीटर बारालाच पळतो. आणि दुपारनंतर ह्यांच्यावर पाण्याच्या टाकीची सावली येईल."

सावलीवर मात्र खूप कविता आहेत. हे मी त्याला सांगितलं नाही, तो बिचारा उन्हात उभा होता.

९ तारीख, रविवार

मुलीने फ्यूज काढला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. घर एकदम मुकं झालं. फ्रिज इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. मग मी इन्व्हर्टरचा खटका दाबला आणि दिवाणखान्यातला दिवा लागला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, त्यामुळे तो लागला आहे की नाही हे कळायला जवळ जावं लागलं. पण लागला.

"बघ," मी म्हणालो.

"बघते आहे," मुलगी म्हणाली. "तीस तारखेला पुन्हा बघेन."

११ तारीख, मंगळवार

प्रांजळपणे लिहितो. काल संध्याकाळी सहालाच इन्व्हर्टर टूं टूं करू लागला. साडेसहाला सगळं गेलं. आज तर दुपारी चारलाच. पंखा असा फिरतो की त्याची तिन्ही पाती ओळखून ठेवता येतात. फ्रिजमधलं दूध नासलं. मी बायकोला म्हणालो की आमच्या लहानपणी कुणाकडे फ्रिज होता?

"तुमच्या लहानपणी दूध उरत नव्हतं," ती म्हणाली.

शेजारच्या नर्सबाई भिंतीवरून हे ऐकत होत्या. त्या निवृत्त नर्स, एकट्या राहतात. एकोणतीस वर्षं त्यांचं आणि हिचं त्या भिंतीवर कोपरं टेकून बोलणं चालू आहे, विषय काय असतो ते मला कळलेलं नाही. "ताई, असं किती दिवस?" त्यांनी हिला विचारलं. ही गच्चीकडे पाहत राहिली. मग दोघींचं बराच वेळ हळू आवाजात चाललं.

मनात शंका येते. सात काढावं का? नाही. मी करणार नाही ते.

१२ तारीख, बुधवार

चमत्कार म्हणायचा मला संकोच वाटतो, पण दुसरा शब्द नाही.

आज सूर्योदयाला गच्चीवर गेलो, आठही पॅनेलं ओल्या फडक्याने पुसली आणि पाठ असलेल्या चार कविता त्यांच्यासमोर मोठ्याने म्हटल्या. त्यांच्यासाठी म्हणून नाही, माझ्याच मनाला उभारी यावी म्हणून. मग वाचनालयात गेलो. दुपारी परत येतो तर पंखा गरगरतो आहे. फ्रिज बोलतो आहे. इस्त्री चालते आहे. बायको चक्क इस्त्री करत होती.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही गेल्यावर वायरमन येऊन गेला. दोन स्क्रू आवळले म्हणाला."

स्क्रूंनी असं होत नसतं. मला कारण ठाऊक आहे. हिला सांगितलं नाही, हसली असती.

मागच्या अंगणात वेलाला नवा आधार दिलेला दिसला. हिरव्या कापडात गुंडाळलेली जाड दोरी, नर्सबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आमच्या खिडकीपर्यंत. "वेल त्या बाजूला वाढतोय," बायको म्हणाली. ही अशी बारीकसारीक गोष्टींत रमते.

१६ तारीख, रविवार

आता नोंदी ठेवतो आहे, कारण हे शास्त्र व्हायला वेळ लागणार नाही. मंदाक्रान्तेत म्हटलं की बॅटरी शांतपणे भरते. भुजंगप्रयाताने पंखा वेग घेतो. मुक्तछंदाचा काही परिणाम दिसला नाही, हे मला अपेक्षितच होतं. सातसमोर मी एक कविता जास्तीची म्हणतो.

नर्सबाई संध्याकाळी हिला म्हणत होत्या, "आमचा मीटर हल्ली पळतोय बाई, म्हाताऱ्याला पाय फुटल्यासारखा." ही म्हणाली, "पळू द्या. मी तुमचे सगळे पडदे शिवून देते." दोघींच्या बोलण्यात संगती म्हणून नसते.

१९ तारीख, बुधवार

ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान झालं. विषय 'सूर्याशी संवाद'. बावीस माणसं होती, त्यांतली एकोणीस जागी होती. मी सांगितलं की यंत्राला आपण यंत्र म्हणतो म्हणून ते यंत्रासारखं वागतं. टाकून दिलेल्या पॅनेलाला कुणी तरी आपलं म्हणणं, हीच त्याची दुरुस्ती. टाळ्या पडल्या.

एका निवृत्त दंतवैद्यांनी माझं ऐकून गेल्याच आठवड्यात तीन पॅनेलं घेतली आहेत. ते उठून म्हणाले, "सर, मी रोज सकाळी कविता म्हणतो. अजून एक दिवासुद्धा लागत नाही."

"कुठल्या वृत्तात?"

"ते मला नाही सांगता येणार."

"मग उच्चार तपासायला हवेत," मी म्हणालो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माणूस जिज्ञासू आहे.

वायरमन मागच्या रांगेत होता. व्याख्यान संपल्यावर माझ्या पाया पडला आणि खाली वाकलेला असताना बराच वेळ वर आला नाही. त्याचे खांदे हलत होते. मलाही गहिवरून आलं.

२४ तारीख, सोमवार

आज अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळ्या गल्लीची वीज गेली. मुख्य केंद्रातच काही तरी जळलं म्हणतात, अर्ध्या गावात नाही. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आमचाही पंखा थांबला.

लोक फाटकाशी जमले होते. "सरांकडे असेल की," असं म्हणत आले होते. मी बाहेर गेलो. काय सांगणार? नर्सबाईंनी भिंतीवरून विचारलं, "ताई, तुमच्याकडेही गेली का?" ही म्हणाली, "गेली." आणि दोघी एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अशा प्रसंगी.

मी लोकांना समजावून सांगितलं. सगळी गल्ली उकाड्यात असताना एकट्यानेच पंख्याखाली बसायचं, हे माझ्या पॅनेलांना पटलं नसावं. त्यांना समाजभान आहे.

"मग आजोबा, तुमच्यात आणि आमच्यात फरक काय?" कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने विचारलं.

"तुमची गेली," मी म्हणालो. "आमची आम्ही सोडली."

कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं. हसले असते तर मी वाद घातला असता.

२५ तारीख, मंगळवार

वीज नाहीच. काडेपेटी मागायला नर्सबाईंकडे गेलो. एकोणतीस वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं असेन. त्या काडेपेटी शोधत असताना मी खिडकीपाशी उभा होतो. वेलाची हिरवी दोरी खिडकीतून आत येते, ओट्याच्या कडेने जाते आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये संपते.

वेलाला दोरी लागते. दोरीला प्लग लागत नाही.

प्लगच्या वर एक चिठ्ठी चिकटवली होती. 'काढू नये.' अक्षर बायकोचं. फार वळणदार अक्षर आहे तिचं, मी विसरलो होतो.

"सर, घ्या," नर्सबाई म्हणाल्या. मी काय पाहतो आहे ते त्यांनी पाहिलं. काडेपेटी घेऊन घरी आलो. घरात काडेपेट्या दोन निघाल्या.

आज कविता म्हटल्या नाहीत.

२६ तारीख, बुधवार

वायरमनला निरोप पाठवला. तो भीतभीतच आला. "सर, पॅनेलं सोडवून घर नर्सबाईंच्या विजेवर घेतलं खरं, पण काकूंनी शपथ घातली होती," फाटकातूनच म्हणाला. "सरांना हरताना मी बघू शकत नाही म्हणाल्या. मी काय करणार?"

"वर चल," मी म्हणालो. "पॅनेलं फिरवायची आहेत."

सगळी दुपारच्या उन्हाकडे वळवली, टाकीच्या सावलीपासून लांब. माझ्याच्याने फार उचलवत नाही, मी पाय धरले. मग तो सातपाशी जाऊन थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "ते मी काढतो." त्याने पाना दिला. बोल्ट गंजलेले होते, पाऊण तास लागला. तो एकदाही 'द्या मी काढतो' म्हणाला नाही. मोठा झाला आहे तो.

छत्तीस वर्षांत मी एकाही मुलाला बाहेर उभं केलं नव्हतं. मी त्याला दया म्हणत असे. आज पान्याने बोल्ट फिरवताना रांगेतली बाकीची एकोणचाळीस मुलं आठवली. एकाचीही तक्रार आली नव्हती. हात धरून उभी होती.

सात काढल्यावर वायरमनने मीटर लावला. "बघा सर." आकडा मला कळत नाही, पण त्याचा चेहरा कळतो. सातवी पास झाल्यावर असाच झाला होता.

२७ तारीख, गुरुवार

खरा हिशेब असा. सात पॅनेलांवर दोन पंखे, चार दिवे, टाकीत पाणी चढवणारी लहान मोटर आणि फोन एवढं चालतं. फ्रिज चालत नाही, इस्त्रीचं नाव काढायचं नाही. गल्लीत अजून वीज नाही आणि आमच्याकडचं हे सगळं आमचं आहे.

संध्याकाळी बायको मागच्या दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

ती पायरीवर बसली. मीही बसलो, गुडघे कुरकुरले. "माझी अब्रू राखायला केलंस," मी म्हणालो. "मला कळतं ते."

"तुमची अब्रू?" ती म्हणाली. "व्याख्यान दिल्यावर ती राखण्यापलीकडे गेली. मला नवव्या मजल्यावर जायचं नाही. तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते, आणि तीही बंद. इथे भिंतीवर कोपर टेकलं की पलीकडून कुणी तरी बोलतं."

"हे तू त्या दिवशी मुलीसमोर का नाही म्हणालीस?"

"मला कुणी विचारलं का? तिने तुम्हाला विचारलं, तुम्ही सूर्याला."

मी या वहीत दोन तारखेला तिच्याबद्दल काय लिहिलं होतं ते उघडून पाहिलं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

दोरी जागेवरच आहे, फक्त वायरमनने दोन्ही टोकांची अदलाबदल केली. नर्सबाईंकडे एक पंखा आणि एक दिवा आमच्याकडून चालतो आहे.

२८ तारीख, शुक्रवार

रविवारी मुलगी येईल. तिला सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे. बारापासून चोवीसपर्यंत घर शेजाऱ्यांच्या विजेवर चाललं, म्हणजे अट मोडली, म्हणजे मी हरलो. बायको म्हणते, "सांगायची काय घाई आहे? विचारलं तर सांगा." पण छत्तीस वर्षं मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगत आलो, आता माझी पाळी. तिला फोन लावून पाहिला, तिचाही बंद आणि जावईबापूंचाही. त्यांच्या भागातही चार दिवस वीज नाही म्हणे.

दुपारी पुस्तकांच्या कपाटापाशी उभा राहिलो. नवव्या मजल्यावर किती नेता येतील ते पाहत होतो. बायको आली, माझ्या हातातली चार पुस्तकं घेतली आणि परत फळीवर ठेवली. उलटीच ठेवली. मी सरळ करत बसलो. मनात वाक्यं जुळवत होतो, की बाळ, तुझा बाप हरला हे खरं, पण तुझ्या आईला एकदा विचार. हे आधी म्हणायचं की शेवटी, ते ठरत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. नर्सबाई पुढच्या दाराने कधी येत नाहीत, वायरमन हाक मारतो. उघडलं.

दारात जावईबापू होते. एकटे. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, दोन हातांत दोन बॅगा, आणि धाप इतकी की पहिली दोन वाक्यं नुसतीच ओठांवर आली.

"बाबा," ते म्हणाले, "लिफ्ट बंद आहे. पाणी वर चढत नाही. चार दिवसांत नऊ मजले मी चौदा वेळा चढलो, बादल्या घेऊन. ती मागून येते आहे, तिच्याकडे आणखी तीन बॅगा आहेत. वीज येईपर्यंत आम्ही इथे राहिलो तर चालेल का? वीज आल्यावरही दोन दिवस."

नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत मोठं भाषण. माझ्या मागे बायको आली होती.

"जावईबापू," मी म्हणालो, "आत येण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. मी हरलो आहे. बारा तारखेपासून हे घर..."

त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून आत फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत होते, तहानलेलं माणूस माठाकडे पाहतं तसं.

"बाबा, काय असेल ते नंतर सांगा," ते म्हणाले. एक बॅग उंबऱ्यात ठेवून त्यांनी खिशातून चार्जर काढला. "आधी हा कुठे लावू, ते सांगा."